दोन रंगांची पाटी

ता. ४ मार्च

चि. बारकीस,
आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. एकदा चष्म्याशिवाय वाचलं, एकदा चष्मा लावून. दोन्ही वेळा सारखंच कळलं.

एवढं उमगलं, की खिळे टोचल्यासारखी अक्षरं असलेले, चार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाटीचे दोन तुकडे तुला सापडलेत. त्यांवर रडतं पोर गप्प करायचा मंत्र आहे. तू म्हणतेस, पाटी एकच. तुझे सर म्हणतात, एक तुकडा काळा, दुसरा पिवळा, म्हणजे पाट्या दोन. त्यांना पटलं नाही तर नोकरी कायम व्हायची नाही आणि तू गाशा गुंडाळून घरी येणार. अगं, मंत्र-तोडगे करणाऱ्याला लोक भोंदू म्हणतात, तुला त्याचा पगार देतात. असली नोकरी कुणी सोडतं का?

मी जन्मभर मडकी केली, म्हणून सांगते. तुझ्या आजोबांनी रागात आपटलेल्या रांजणाचं एक खापर चुलीत गेलं, एक अंगणात राहिलं. महिन्यानं जुळवली तर एक काळं, एक तांबडं. माती तीच, नशीब वेगळं. रंग काय बघता, फुटलेली कड बघा. आणि तुकडे हातात घेऊन जोडलेस का, की नुसते फोटोच चाळतेस?

मागची खोली तुझ्यासाठी रिकामी करायला घेतलीय. कंबर मोडली.

जास्त लिहीत नाही, हात मातीचा आहे.
आजी

ता. १९ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न.

फोटोच चाळत होते. तुकडे संग्रहालयाच्या दोन वेगळ्या कपाटांत, हात लावायला लेखी परवानगी लागते, म्हणून ते कुणी शेजारी ठेवलेच नव्हते. काल सरांसमोर जोडले. कड कडेत अचूक बसली. पाटी थापणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा अर्धा काळ्यावर, अर्धा पिवळ्यावर निघाला. सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, हे कुणाकडे शिकलीस. मी तुझं नाव सांगितलं. आज त्यांनी मला कायम करायच्या कागदावर सही केली, आणि तुला नमस्कार कळवलाय.

तुटलेली ओळही पुरी झाली. मंत्र म्हणून झाला की पोराला तेल चोळावं आणि मांडीवर घेऊन हलवावं, असं लिहिलंय.

माया असू दे, टोमणेही चालू देत.
बारकी

ता. २७ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तेल आणि मांडी, हे मी पाटीशिवाय सांगितलं असतं. दीड वर्षाची होईपर्यंत तू माझी मांडी सोडली नाहीस. मंत्र मला येत नव्हता, शिव्या द्यायचे. गुण यायचा.

सरांना सांग, नमस्कार पोचला. उशिरा का होईना, माणसाला अक्कल आली.

खोलीत परत मडकी रचली. एक कोपरा मोकळा ठेवलाय. सुट्टीत आलीस तर पाय पोटाशी घेऊन मावशील.

लोभ आहेच, दर वेळी लिहायला शाई जाते.
आजी