गाठी सोडवणारं औषध

३ फेब्रुवारी
आलो एकदाचा! पवईचं हे हॉस्पिटल झकास, खिडकीतून तलाव दिसतो. वर्सोव्याचा कोळी समुद्र सोडून डबक्याकाठी आला म्हणून कमळ पोट धरून हसली. बायको म्हणजे नुसती थट्टा. मला गाठींचा कॅन्सर, लिंफोमा म्हणतात. मानेतल्या, काखेतल्या गाठींनी आजवर एकाही औषधाला दाद दिली नाही. हट्टी आहेत, कोळ्याच्याच त्या. आता नवं औषध. ते माणसांना पहिल्यांदाच देतायत. शरीर किती सोसतं ते आधी बघायचं, गुण येईलच असं नाही, हे डॉक्टर हेमांगींनी साफ सांगितलं. डोक्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मी अधूनमधून चार ओळी लिहायच्या. कमळ म्हणाली, डोकं होतंच कधी? मला हिच्याबरोबर म्हातारं व्हायचंय, म्हणून सही केली.

७ फेब्रुवारी
पहिला डोस. ताप चढला, उतरला. कमळने बोंबलाचं कालवण आणलं. वेळ जावा म्हणून जाळं विणायला घेतलंय. नर्स रत्नप्रभांना गाठ मारायला शिकवली, त्यांना काही जमली नाही.

१२ फेब्रुवारी
मानेतली गाठ हाताला लागत नाही! विरघळली! कमळ रडली, तिला बघून मीही. जाळ्याची गाठ मात्र आज बसेना. बोटंच विसरली. हसण्यावारी नेलं.

१६ फेब्रुवारी
काखेतलीही गेली. पायजम्याची नाडी बांधता येत नाही, कमळने बांधून दिली. आपल्या मुलाचं नाव काय गं, असं तिला विचारलं, तर ती डॉक्टरांना बोलवायला धावली. डॉक्टरांनी औषध थांबवलंय. कुठली गाठ सोडायची न् कुठली नाही, हे त्या औषधाला कुठे कळतं?

१९ फेब्रुवारी
कमळ आली नाही. तिच्या स्टुलावर एक बाई. अंगावर कमळचं लुगडं, हातात कमळच्याच बांगड्या — कुठून आणल्या हिने? माझ्या नाडीला हात घालते. भीती वाटते.

२१ फेब्रुवारी
बाई पुन्हा. कालवण भरवते. थुंकलो. नर्सला सांगितलं, हिने माझ्या बायकोचं काहीतरी केलंय. नर्स म्हणते, काका, हीच कमळकाकू. म्हणजे तीही सामील —

२३ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणतात, एकही गाठ उरली नाही. ओळखीच्या घरात गेलं की आठवेल, कदाचित. काय आठवेल? मला त्या बाईच्या ताब्यात देतायत. ती पिशव्या भरते. रडते.
कमळ, कुठे आहेस गं? लवकर ये. ही माझा हात धरून मला —