हेल्मेटवाल्याची पायरी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकलो, उरलेला समक्ष.) गुडघे कसे आहेत? न्हाणीघरात तू दुसऱ्यांदा घसरलीस, हे मला भाच्याकडून कळावं, हे काही बरं नाही. आता एकटी राहू नकोस. आमच्या खालची खोली रिकामी आहे, घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय.

तू विचारलंस, "तुझ्या गल्लीत आहे तरी काय, आणि दुकानांच्या पायऱ्या मला चढवतील का?" अगं, या गल्लीत माझी हयात गेली, पण सगळी स्कूटरवरून. उत्तर लिहायला बसलो तर दोन ओळींपुढे सरकेना. वाचनालय आहे असं लिहिलं, तर ही (तुझी भावजय) म्हणाली, तिथे व्यायामशाळा होऊन जमाना झाला. शेवटी काल मोजायचा टेप खिशात टाकला आणि पायी निघालो.

काय सांगू ताई! कोपऱ्यावर केवढं मोठं झाड आहे, खाली बाकसुद्धा आहे. इस्त्रीवाला काम करताना गातो, आणि चक्क सुरात गातो. मी आपला पायऱ्या मोजत चाललो. औषधवाल्याची टीचभर, बेकरीवाल्याची वीतभर, पण धरायला दांडा आहे. शिंप्याच्या पायरीशी वाकलो, तर तो धावत बाहेर आला, रस्त्यात मांडलेली दुकानाची पाटी आत ओढली आणि मला बसायला स्टूल दिलं. मागे बघतो तर बेकरीवाला खोकी आत नेतोय, इस्त्रीवाल्याचं गाणं बंद! अतिक्रमण मोजायला साहेब आले, अशी हाकाटी झाली होती. मी इथलाच, हे कुणाच्या डोक्यात येईना, कारण इतक्या वर्षांत मला हेल्मेटशिवाय कुणी पाहिलेलंच नाही.

शिंपी कानाशी लागला. "साहेब, आमचं काय मोजता? त्या टोकाच्या हेल्मेटवाल्याची पायरी बघा, अर्धा रस्ता खाल्लाय. आणि माणूस असा शिष्ट, कधी कुणाशी बोलणं नाही."

गेलो. सगळ्यांच्या देखत स्वतःचीच पायरी मोजली. खरंच खाल्लाय गं. पण ते शिष्ट म्हणणं मला फार लागलं.

मग सांगून टाकलं, की हेल्मेटवाला मीच, आणि हे सगळं बहिणीच्या गुडघ्यांसाठी चाललंय. कुणाचा विश्वास बसेल तर शपथ! शेवटी हिने गॅलरीतून हेल्मेट खाली टाकलं, मी ते घातलं, तेव्हा कुठे ओळख पटली.

तुझा,
धाकटा

ता.क. घरमालकाला विचारलंय, आमची पायरी फोडायला उद्या गवंडी येतोय. तिथे दोन ठेंगण्या पायऱ्या होतील, दांड्यासकट.

ता.क. (दुसरा) खोलीला होकार मी कालच देऊन टाकला. रागावू नकोस. बहिणीबद्दल मात्र गल्लीला अजून संशय आहे. शिंप्याने पाटी आतच ठेवली आहे. म्हणतो, ताई डोळ्यांनी दिसल्या की बाहेर काढीन. तेव्हा ये गं लवकर. तिकडे त्याचं गिऱ्हाईक चुकतंय, आणि इकडे मला संध्याकाळी हेल्मेटशिवाय फिरायला सोबत हवी आहे.