माझ्या निबंधात आप्पा

तीर्थरूप आप्पा,

तुमच्या बडबड्या लेकीचा उड्या मारत नमस्कार! माझा निबंध बाईंनी भर वर्गात वाचून दाखवला!

विषय होता, सुतारांना कामावर मास्कची सक्ती असावी का. मी म्हटलं, असावीच. पण पहिल्या खेपेला नऊ पुस्तकांतले उतारे एकाखाली एक लावले आणि स्वतः गप्प बसले. मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना! बाई म्हणाल्या, "पाहुणे पोटभर बोलले, पण घरची माणसं कुठं गेली?"

मग सगळं नव्यानं लिहिलं. तीनच उतारे ठेवले आणि प्रत्येकापुढं तो मला का पटतो, कुठं कमी पडतो, ते माझ्या शब्दांत मांडलं. बाईंना विरोधी मतही हवं होतं, तेही तगडं. ते तर आपल्या घरातच होतं! "चाळीस वर्षं भुसा खातोय, मला काय धाड भरलीय?" खाली लिहिलं: माझे वडील, सुतार, फोनवरचं बोलणं.

आणि त्यापुढं माझं एक वाक्य: एवढं बोलताना ते तीनदा थांबून खोकले.

ते वाक्य बाईंनी दोनदा वाचलं, आप्पा.

आई बरी आहे ना? दादाला म्हणावं, तुम्हाला डॉक्टरकडे घेऊन जा. आणि "मी ठणठणीत आहे" असं नुसतं कळवू नका. तपासणीचा कागद पाठवा. मला आता पुरावा लागतो.

मध्ये बोलायला शिकलेली,
तुमची धाकटी