मसुरीला जायचं, पण हरिद्वार सांगून

९ फेब्रुवारी १९५८

ठरलं! मसुरी. कारखान्याचं मशीन दुरुस्त करायला आलेला पारशी फिटर डबा खाताना म्हणाला — शेट, जिंदगीभर बरफ बनवला, आभालातून पडलेला कधी डोळ्याने जोयला? — नाही! मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलं, मग बर्फ विकू लागलो. दोन्ही पांढरी, दोन्ही विरघळणारी. तिथे म्हणे खिडकी उघडली की समोर हिमाचे डोंगर.

कृष्णाबाईला सांगितलं. कालवण ढवळत बायको म्हणाली, "बरफ बघाया येवढ्या लांब? मंग कारखान्यात काय खडीसाखर करता?"

१० फेब्रुवारी

खरं कारण बर्फ नव्हेच. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. आधी घरात आईबाप, चार भाऊ, मग पोरं, आता सुना. आम्ही दोघंच असे चार दिवस कधी बसलो नाही. तिच्याशी बोलायला जावं तर मधेच कोणीतरी भाकरी मागतं. हे तिला तोंडावर सांगणार कसं? इथे लिहिलं, पुरे.

१२ फेब्रुवारी

कृष्णाबाई विहिरीवर एकटी सापडली. आपण दोघंच जाऊ म्हटलं. "दोघंच? भागोजी मास्तर इसरलात?"

नाही विसरलो. मास्तर बायकोला घेऊन माथेरानला गेला त्याला सहा वर्षं झाली. गाव अजून त्याला 'माथेरान' म्हणूनच हाक मारतं. त्याची बायको बाजारात दिसली की कोळणी विचारतात, "घोड्यावरशी आलीस का गो?"

"या वयात मना ती शोभा नको. देवाला जायाचं तर सांगा."

देवाला! नकाशा काढला. मसुरीच्या पायथ्याशी डेहराडून, आणि त्याच्या आधी, वाटेतच — हरिद्वार! गंगामाई, पावलीस.

१३ फेब्रुवारी

तुळशीराम न्हाव्याकडे दाढीला बसलो. हळूच म्हटलं, "शिमगा झाला की आम्ही हरिद्वारला. कोणाला बोलू नकोस." दुपारी मोरा बंदराच्या धक्क्यावर लाँचचा तांडेल मला हात जोडत होता. उत्तम!

१७ फेब्रुवारी

उत्तम कसलं! आमच्याकडे देवाला कोणी एकटं जात नाही, हे मी — मी! — विसरलो. सकाळपासून ओटा भरलेला. भजनी धर्माजीबुवा टाळांसकट. शेजारची जनीकाकू, तिच्या दोन जावा. चांगदेव, त्याची सासू, आणखी कोण कोण. दहा माणसं! "शेट, तुमच्या पाठनं आमची बी गंगा व्हईल." गंगेला नाही म्हणणारा उद्या मेला तर खांदा कोण देईल?

२० फेब्रुवारी

उपाय सापडला. आणि त्यात खोटं एक अक्षर नाही!

"बुवा, तिकडे मासळी नाही हं."

"गंगेला मासळी न्हाय?"

"आहे की. हातभर लांब. लोक तिला पिठाच्या गोळ्या घालतात. खात नाहीत."

"सुकट नेऊ संगं."

"धर्मशाळेत वास आला तर वळकटीसकट बाहेर."

"किती दिस?"

"जाऊन-येऊन बारा."

टाळ फडक्यात गुंडाळत बुवा उठला. "शेट, देव हितं बी हाय."

२३ फेब्रुवारी

मासळीचं ऐकून जनीकाकूचे गुडघे आखडले. दोन्ही जावांचेही. एका दिवसात सहा गुडघे!

२६ फेब्रुवारी

चांगदेवच्या सासूनंही माघार घेतली. ओटा मोकळा. आरशात बघून स्वतःलाच राम राम केला.

१ मार्च

एक नवीनच उगवली. माझी मनुबाई आत्या. वय सत्तर, दात तीन. मासळीचं हत्यार काढलं, तर म्हणाली, "मना चावतंय कुठं?" थंडीचं भय घातलं. तिनं घोंगडी दाखवली. गाडीत दोन रात्री बसून काढाव्या लागतील म्हटलं. "उभी र्‍हाईन."

कृष्णाबाई तिथेच तांदूळ निवडत होती. मोठ्या आशेनं तिच्याकडे बघितलं. मान वर न करता म्हणाली, "वडील माणसाला न्हाय म्हनायचं? येऊ द्या की."

संपलं सगळं. हरिद्वार म्हटलंय, आता हरिद्वारच.

६ मार्च

शिमगा झाला. गाव बोंबललं. मीही त्यात मनापासून बोंबललो — कोणाला कळलं नाही कशासाठी.

११ मार्च

मोऱ्याहून निघालो. धक्क्यावर अर्धं गाव. माझे कान तिकडेच लावलेले. "बघा, आत्याला गंगा घडवतोय! पुण्यवान!" वाकडा शब्द एक नाही. लाँचमध्ये आत्या मधे, आम्ही दोघं दोन कडेला. पुढे गाडीतही तीच रचना.

१४ मार्च, हरिद्वार

स्नान झालं. धर्मशाळेत आत्याला पेणच्या चार बायका भेटल्या, गट्टी जमली. मी पडेल आवाजात विचारलं, "आत्या, परतीचं कधी बघू?"

"बुधवारी. तवर मी हितं र्‍हाते यांच्यासंगं. तुमी दोघं वर जाऊन या."

"वर? तुला कोणी सांगितलं वरचं?"

"तुझ्या बायकोनं. मना बोलवून आणली तिनंच. म्हनाली, आत्या संगं असली का गाव तोंड उघडायचं न्हाय. आन चार दिस आमच्याकडं बघू बी नको."

वळलो. कृष्णाबाई दारात. लुगड्यावर लोकरीचा कोट! कधी घेतला, कोणाकडून — मला पत्ता नाही. आता हे लिहितोय, तर म्हणते,

"लिहीत काय बसलाव? बस सुटंल."