पोरगी अजून कच्ची हाय

३ नोव्हेंबर, सोमवार
यवतमाळच्या लोहाऱ्यात येऊन पडली मी. पुसदवरून बसनं. नात प्रेरणा, वय अठरा, यवतमाळच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला. मैनाबाईच्या घरी वरच्या माळ्यावर खोली घेतली. तिच्या बापानं, आमच्या अमरनं, शर्त घातली. पंधरा दिवस आई, म्हणजे मी, सोबत राहील. पोरगी एकटी राह्याच्या लायक झाली असं आईनं सांगतलं तर पोरगी तिथं राहील, आई घरी येईल. नाही झाली तर कॉलेज बंद, दोघी परत. म्हणजे पास-नापास माह्या हातात. मी चौथी शिकली, पण परीक्षा घेणं येते.
सोबत पऱ्हाटीचा भारा आणला. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर शेकल्याशिवाय भाकर ती भाकर नाही. कंडक्टर म्हणे, आजी, सरण रचता का? म्हटलं, रचतो, तुह्याच मापाचं हाय.

४ नोव्हेंबर, सकाळ
ठराव. पहिले पाच दिवस स्वयंपाक. मग धुणं, मग बाजार, मग लोकांशी बोलणं. मी कशाले हात लावणार नाही. फक्त पाहीन.

संध्याकाळ
भाकर मीच केली. पोरीनं पिठात पाणी जास्त टाकलं असतं. टाकलं नाही. पण टाकलं असतं.

६ नोव्हेंबर
आजही मीच केली. उद्यापासून ती. घरी सुनेनं, शीलेनं, तीन वर्षांपासून मले गॅसपाशी फिरकू देल्लं नाही. म्हणे, आई, तुमचा हात थरथर कापते, दूध सांडते, बसा तिकडे. दूध दोनदाच सांडलं. इथं गॅस माह्या ताब्यात. याचा परीक्षेशी काही संबंध नाही. उगाच लिहिलं.

९ नोव्हेंबर, रविवार
धुणं शिकवाचं होतं. उठली तं कपडे दोरीवर. माहं लुगडंही. काहून म्हटलं तं म्हणे, आजी, तुही झोप मोडली असती. चोरून काम करते. नापास.

११ नोव्हेंबर
नळ गळत होता. पोरीनं मैनाबाईकडून मिस्त्रीचा नंबर घेतला. मिस्त्री आला, अर्ध्या घंट्यात नळ नीट. पोरीनं स्वतःच्या हातानं काहीच केलं नाही. अशी कशी एकटी राहील?
कॉलेजात जीवन कौशल्याचा तास असते म्हणे. खुर्चीत बसून जगणं शिकवतेत. मॅडम म्हणे, मदत मागणं हेही कौशल्य हाय. म्हटलं, मग त्या मॅडमले देवळाच्या पायरीवर बसव, लवकर हुशार होईल.

१५ नोव्हेंबर, शनिवार
गॅसवरच्या भाकरीले चवच नाही. पोरगी कॉलेजात गेली. खरी भाकर कशी असते ते आल्यावर दाखवू म्हणून गच्चीवर तीन विटा मांडल्या, पऱ्हाटी पेटवली. तिथंच मैनाबाईच्या चादरी वाळत होत्या. पांढऱ्या. पांढरं वापरणाऱ्यानं आपलं आपण सांभाळावं. ठिणगी उडाली, एका चादरीले भोक पडलं. बाई बोंबलत वर आली. म्हणे, गच्ची हाय का स्मशान? खोली खाली करा. मी म्हटलं, चादर जुनीच होती.
पोरगी आली. पिशवी ठेवली, तशीच खाली गेली. अर्धा घंटा बोलली. वर येऊन म्हणे, आजी, खोली राह्यली. चादर मी रफू करून देणार. अन आता गच्चीवर धूर नाही. माफी मागतली म्हणते. माह्या नावानं! आमचे मालक पुंडलिकराव, जाऊन नऊ वर्षं झाली, त्याहीनं जन्मात कोणाची माफी मागतली नाही. भावकीतलं कोणी आमच्या दारात उभं राहत नव्हतं, ते वेगळं.
लोकांशी बोलणं, नापास.

१९ नोव्हेंबर, बुधवार
अमरचा फोन. म्हणे, आई, पंधरा दिवस झाले. पोरगी तयार का? म्हटलं, अजून कच्ची हाय, आखीन महिना लागन. म्हणे, महिन्याची गोष्ट झालीच नव्हती. कच्ची असन तं रविवारी गाडी आणतो. दोघी चला, कॉलेज सोडू द्या.
मी तसं म्हटलं नव्हतं.
पोरगी बाजूलेच होती. रडली नाही. चादर रफू करत राह्यली. मग म्हणे, आजी, खरं सांग, मी कशात कच्ची हाय? एक तं सांग. मी म्हटलं, मीठ. दुसरं काही सुचलं नाही.

२२ नोव्हेंबर
ठरवलं. उद्या पास करून टाकतो. मन मोठं पाह्यजे माणसाचं.

२३ नोव्हेंबर, रविवार
अमर आला. मी तोंड उघडलं, तं पोरगी आधीच बोलली. म्हणे, बाबा, आजीले विचारू नका, मैनाबाईले विचारा. मैनाबाई दारातच उभी. म्हणे, पोरगी राहू द्या, म्हातारी न्या. अमर हसला. नालायक.
पोरीनं जेवाले वाढलं. वांग्याची भाजी, भाकर. अमरनं तीन खाल्ल्या. म्हणे, आई, तुह्या हातची चव. भाकर तिनं केलती.
माही पिशवी तिनं सकाळीच भरून ठेवलती. मी घरी चालली ते माह्या मर्जीनं. शिकवणं संपलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार, घरी
शीला म्हणे, आई, दमल्या असान, बसा. बसली.
दुपारी ठराव केला. उद्यापासून शीलेले भाकर शिकवाची.

रात्री आठ
प्रेरणाचा फोन आला, शीलेच्या मोबाइलवर. शीलेनं स्पीकर लावला. मी इकडं खाटेवर हाव हे पोरीले माहीत नव्हतं. म्हणे, आई, आजीले दिवसातून एक वेळ तं भाकर करू देत जा. मी रोज तिच्या बाजूले उभी राहत होती, काही झालं नाही.
रोज उभी राहे खरी. मले वाटे, शिकून राह्यली.
शीला म्हणे, मले उभं राह्याले कुठं वेळ हाय. फोन ठेवला. ताट वाढून आणलं. जेवली.