उतारावरची सायकल

मंगळवार, ३ फेब्रुवारी

नात आज संध्याकाळी आली ती फोन पुढे करतच. दोन सायकलींची छायाचित्रे. "आजोबा, कुठली छान दिसते?" दिसते! छत्तीस वर्षे पोलादी पुलांची तपासणी केलेल्या माणसाला विचारायचे काय, तर दिसायला कुठली छान. मी म्हटले, हिरवी. "नाना पण हिरवीच म्हणाला," असे म्हणून ती चहा न घेता गेली. नानाकडे. खरे प्रश्न विचारायला.

नाना म्हणजे सुनेचे वडील, आमचे व्याही. त्यांना ती 'अरे नाना' म्हणते; मला 'अहो आजोबा'. आदर आहे, हे मला कळते. कळूनही तो 'अहो' टोचतो.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

विषय नीट समजून घेतला. तिला गावामागचा डोंगर सायकलवरून उतरायचा आहे. आखलेल्या वाटेने वेगात उतरणे म्हणजे 'डाउनहिल'. वाट स्वतः निवडून खडकांवरून उड्या मारीत उतरणे म्हणजे 'फ्रीराइड'. दोन्हींत हाडे सारखीच मोडत असावीत. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतील पहिल्या वर्षाच्या पगारातून तिने साठवले आहे तेवढ्यातच बसवायचे, वर कोणाकडून काही घ्यायचे नाही, हा तिचा हट्ट. हट्ट माझ्यावर गेला आहे.

माझा निष्कर्ष असा: तेवढ्या पैशांत पुढे-मागे धक्के झेलणारे सस्पेन्शन असलेली नवी सायकल घेऊ नये. मागचे सस्पेन्शन नावापुरते असते. वजन वाढते, धक्का तेवढाच बसतो. त्यापेक्षा मागे ताठ आणि पुढे उत्तम सस्पेन्शन, तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक, रुंद टायर. हँडलखालची नळी पुरेशी कललेली असावी, म्हणजे उतारावर माणूस तोंडावर पडत नाही. दोन पाने लिहिली. एकही खाडाखोड नाही.

ही म्हणाली, "अहो, तुम्हाला सायकल हवीय की नात?" मी पानांची घडी घातली.

रविवार, ८ फेब्रुवारी

पाने तिला दिली. उभ्याउभ्याच वाचली. "किती व्यवस्थित लिहिलंय, आजोबा. पण नाना म्हणतो जुनी घेऊ. तेवढ्याच पैशात खरी डाउनहिलची मिळते."

मी म्हणालो, जुन्या वस्तूबरोबर आधीच्या मालकाची पापेही घरी येतात. ती खळखळून हसली. "भारी! हे नानाला सांगते." माझे वाक्यसुद्धा शेवटी त्यांच्याच दारात जाऊन बसले.

या गृहस्थाला 'म्हणालो' आणि 'बोललो' यांतील फरक या जन्मी कळला नाही. घरात मी असताना चूक सुटत नाही, हे मात्र त्यांनाही ठाऊक आहे. मुलाच्या लग्नाची पत्रिका त्यांनी छापून आणली, तेव्हा लाल शाईने सात खुणा करून परत पाठवली होती. तेव्हाही ते हसलेच. या माणसाला राग कसा येत नाही?

शनिवार, १४ फेब्रुवारी

व्याह्यांचा फोन. एकदा नव्हे, दोनदा. "उद्या सायकल बघायला तुम्ही यायलाच पाहिजे. मी पोरीला बोललो, तुमच्याशिवाय जायचं नाही."

बोललो!

त्यांच्या कौतुकाला प्रेक्षक हवा असणार. जातो.

रविवार, १५ फेब्रुवारी

विकणारा एक दंतवैद्य. गुडघा दुखावल्यापासून हा नाद सोडला म्हणाला. त्याच्या इमारतीखाली, खांबाला टेकवून ठेवलेली ती करड्या रंगाची सायकल. पुढे-मागे जाडजूड सस्पेन्शन, टायर मोटारसायकलला शोभतील असे.

व्याही, वय एकाहत्तर, टांग टाकून वर बसले आणि लहान मुलासारखे वरखाली हलू लागले. हँडलवरचे बटण दाबले तशी सीट फुस्स करून खाली गेली. "अगं, मी बुटका झालो की!" सगळे हसले. दंतवैद्यही. दुसऱ्या कोणी हे केले असते तर मीही हसलो असतो. ते पडू नयेत म्हणून नातीने त्यांचा दंड धरला होता. उतरल्यावरही सोडला नाही.

"आजोबा, बघा ना जरा."

"बघतो आहे."

पुढच्या चाकापाशी, हात मागे बांधून, पाच-सात मिनिटे उभा राहिलो. पाहत होतो ते तिच्या हाताकडे. व्याह्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिले. दोन्ही वेळा मी भिंतीकडे नजर वळवली. पाव तासात व्यवहार झाला.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सायकल व्याह्यांकडे राहणार. त्यांचे घर तळमजल्यावर, आमचे तिसऱ्या. आता ती रोज संध्याकाळी तिकडे.

बुधवार, १८ फेब्रुवारी

व्याह्यांकडे जाऊन आलो. ते साखळीला तेल देत होते, नात चिंधी घेऊन शेजारी. मला खुर्ची दिली गेली — पाहुण्याला देतात तशी. बसल्याजागी सायकलीकडे लक्ष गेले. खालची नळी हँडलखालच्या नळीला जिथे जोडली आहे, त्या सांध्याच्या कडेला, रंगावर केसाएवढी रेघ. ओरखडा असेल. तडाही असेल.

पुलावर कधी तडा सापडावा असे मला वाटले नव्हते. आज वाटले. म्हणून स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

व्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्याची खात्री करून घेतली आणि गेलो. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल. पुडीत खडूची पूड. नोकरीत पहिल्या वर्षी शिकलेली रीत: रॉकेल लावावे, मुरू द्यावे, स्वच्छ पुसावे आणि वर खडू चोळावा. नुसता ओरखडा असेल तर खडू कोरडा राहतो. तडा असेल तर आत गेलेले रॉकेल परत वर येते.

विहीणबाई चहा घेऊन आल्या. "काय करताय?" "धूळ पुसतो आहे." "तुमचं आपलं सगळं स्वच्छ," म्हणाल्या.

दहा मिनिटांत पांढऱ्यावर ओली रेघ उमटली. अंगठ्याच्या पेराएवढी लांब.

मला आनंद झाला. खोटे कशाला लिहू?

रविवारी व्याही आणि विहीणबाई आमच्याकडे जेवायला आहेत. ती पहिल्यांदा डोंगरावर जाणार तीही रविवारीच, जेवणानंतर. तेव्हा रविवारी, सर्वांसमक्ष, प्रात्यक्षिकासह. शब्दही जुळवून ठेवले आहेत.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सूनबाई चहा गाळता गाळता म्हणाली, "ती पहाटेच गेली डोंगरावर. रविवारी गर्दी असते म्हणाली."

फोन लागेना. साडेबारापर्यंत पायांत बूट घालून दाराशी बसून होतो. हिने दोनदा विचारले, कुठे निघालात? मग नातीचा संदेश: "चार वेळा उतरले!!" दोन उद्गारचिन्हे. बूट काढले.

तड्याबद्दल कोणाला सांगितले नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

रविवार, २२ फेब्रुवारी

जेवणाआधी सांगितले. व्याह्यांकडची सायकल वर आणवली, रॉकेल लावले, खडू चोळला. रेघ आली. गुरुवारी अंगठ्याच्या पेराएवढी होती; आज बोटाएवढी.

व्याही खाली बसले. चष्मा काढून रेघेवरून अंगठा फिरवला. "केव्हापासून?"

"तडा जुना असावा."

"तसं नाही. तुम्हाला केव्हापासून माहीत?"

आयुष्यात लेखी किंवा तोंडी खोटा अहवाल दिलेला नाही. "गुरुवारपासून," म्हणालो.

सूनबाईने हातातली ताटे ओट्यावर परत ठेवली. नात म्हणाली, "आजोबा, काल मी चार वेळा —" आणि थांबली. मुलगा उठून गॅलरीत गेला.

व्याही गुडघ्यावर हात टेकून उठले. "सांगितलंत ते बरं झालं." टोमणा नव्हता. मी नीट तपासून ऐकले, नव्हता. त्यांच्यासाठी जुळवलेले एकही वाक्य वापरता आले नाही. जेवण झाले. कोणी मीठसुद्धा मागितले नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

हिने नातीला प्रयोगशाळेत फोन केला. घेण्याआधी एखाद्या मेकॅनिकला का दाखवली नाहीत, असे विचारले. माझ्यापर्यंत आवाज येत होता.

"नाना मेकॅनिकला आणणारच होता गं. मीच म्हटलं, कशाला, आजोबा येतायत. ते इतका वेळ चाकापाशी उभे राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. आजोबा गप्प म्हणजे सगळं बरोबर. नाना म्हणाला, मग काढ पैसे."

म्हणजे सायकल मीच निवडली.