तिवाट्यावरची फ्लॉपी

१८ नोव्हेंबर १९९६, बारामती

आलो एकदाचा. सोलापूर सोडताना राजी रडली नाही, मीच नाक पुसत बसलो. इंदापुरात गाडी बदलली. पुढे भवानीनगरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता असा अडवला होता की एसटीपेक्षा बैल पुढे जात होते, आणि मळीचा वास नाकातून थेट डोक्यात. पण खोली पाहिली आणि सगळा शीण उतरला. घरमालकीण प्रयागबाई एकट्याच राहतात. तोंडानं फटकळ, पण खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं तर बोट कोरं! मी तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं.

घर इंदापूर रस्त्याला आहे. वळणापलीकडे तिवाटा लागतो, कंडक्टरला सांगितलं तर गाडी तिथंच थांबते. शैला राजीला घेऊन येईल तेव्हा पोरीला स्टँडवरून चालवायला नको. राजी चार वर्षांची आहे आणि चालताना तिची नजर कायम खाली. सोड्याची बुचं, चिंचोके, बसची तिकिटं, जे दिसेल ते उचलते आणि आधी तोंडात घालून बघते. शैला म्हणते, हा हात बापाचा आहे, तुम्हाला रस्त्यात पडलेला स्क्रू तरी सोडवतो का? खरं आहे. पण मी आधी धुतो. धुतलं की झालं, असं माझं साधं शास्त्र आहे.

२० नोव्हेंबर

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, चांगलं आहे. मालक जोतीराम माझ्याच वयाचा, बोलायला दिलखुलास. लोणी देवकरच्या कारखान्यांतले कॉम्प्युटर तो स्वतः बघणार, घरगुती कामं माझ्याकडे. अडगळीतले भाग जुळवून खोलीवर एक मशीन उभं करायचीही परवानगी दिली. प्रत्येक बटण उपटून स्पिरिटनं पुसलं. राजीसाठी चित्रं रंगवायचा खेळ टाकलाय, त्यात एक मोठा हत्ती आहे. ती त्याला कुठला रंग देते ते बघायचंय.

२२ नोव्हेंबर

आज कन्हेरीला गेलो. दत्तोबा नावाचे म्हातारे आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. वडिलांची मेंढरं होती, आबांनी ती विकून शेती धरली. मुलगा ट्रक चालवतो आणि सून दिपाली घरी बसून कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवते. सासऱ्याला सुनेचं भारी कौतुक. मशीनला रोज हळदकुंकू लावतात, ते कुंकू पार फ्लॉपीच्या फटीत गेलेलं. तुळशीची लग्नं तोंडावर, पत्रिकांची घाई आणि नेमका व्हायरस.

कीबोर्डाबद्दल लिहायचीही शिसारी येते. सांडलेला गूळ, त्यात चिकटून मेलेल्या मुंग्या, केस, तंबाखूची चुरी. दिपालीच्या उजव्या हाताच्या बोटाला हळदीची चिंधी होती आणि चिंधीतून पिवळं पाणी झिरपत होतं. त्याच बोटानं ती बटणं दाबून मला दाखवत होती. मी चहाला नको म्हणालो.

व्हायरस मात्र गमतीचा आहे. पत्रिका उघडली की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून पांढरे ठिपके निघतात, अळ्यांसारखे वळवळत वर येतात आणि एकेक अक्षर कुरतडून खातात. कुणा कॉलेजातल्या कार्ट्यानं लिहिला असणार. मशीन पूर्ण बंद केलं, माझ्या स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू केलं आणि तपासणी लावली. काही सापडलं नाही, तरी डिस्कची सुरुवातीची जागा नव्यानं लिहून दिली. अळ्या गेल्या.

२५ नोव्हेंबर

गेल्या नव्हत्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. आज पूर्ण डिस्क फॉरमॅट केली. दिपालीनं जुळवलेले सगळे साचे पुसले गेले, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं नव्यानं टाकलं, कोरी पत्रिका उघडली आणि कोपऱ्यात एक अळी. उसाच्या खोडव्यासारखं आहे हे, वरून कितीही तोडा, बुडख्यातून कोंब येतोच.

चिंधी आज मनगटापर्यंत होती. मी नाकाला रुमाल लावला, ते तिच्या लक्षात आलं.

२७ नोव्हेंबर

डिस्कच बदलून टाकली. कॅबिनेट उघडलं तर मेलेल्या उंदराचा वास, पण उंदीर कुठंच नाही. जुनी डिस्क हातात घेतली, ती ओली होती. कोमट आणि बुळबुळीत, शेंबडात बोट बुडावं तशी. परसात जाऊन ओकलो. नवी डिस्क बसवली, तिच्यावरही तेच.

मग दिपालीनं सांगितलं. साच्यांची एक फ्लॉपी इंदापुरातल्या छापखान्यातून आणली, तेव्हापासून हे सुरू झालं. छापखानेवाल्याचं आधी बोट नासलं, ते कापलं. मग हात कापला. दसऱ्याला तो गेला. मी म्हणालो फ्लॉपी द्या, दुकानात तपासतो. आबा नको म्हणाले. आता आमच्या रीतीनं बघतो, देवऋषाला बोलावलंय, म्हणाले. मला राग आला. शिकलेल्या माणसाचे हात टेकले की यांना लिंबू आठवतं.

२९ नोव्हेंबर

कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेलो. हार मानणं माझ्या स्वभावात नाही. कन्हेरीच्या तिवाट्यावर उतारा मांडलेला दिसला. पत्रावळीवर दहीभात, बिब्बा टोचलेलं लिंबू, कुंकू, आणि भाताच्या मधोमध निळी फ्लॉपी. मी लुनावर बसल्या बसल्या हसलो. माश्या घोंघावत होत्या, दही फुटून पाणी सुटलं होतं. पण हा व्हायरस धरायचा तर नमुना हवा, आणि चांगली धडधाकट फ्लॉपी उकिरड्यात कोण टाकतं? दोन बोटांत उचलली, भात झटकला, रुमालात गुंडाळली.

आबांच्या घरी गेलो तर दिपालीचं बोट सुकलेलं. खपली धरली होती, वास नव्हता. पत्रिका उघडून पाहिल्या, एकही अळी नाही. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सायेब, वाटंवरच्या उताऱ्याला हात न्हाय न्हवं लावला? जो उचलंल त्येच्या मागं लागतंय त्ये."

मी नाही म्हणून मान हलवली. खिशातला रुमाल मांडीला ओला लागत होता.

१ डिसेंबर

रविवार. फ्लॉपी साबणानं धुतली, स्पिरिटनं पुसली, उन्हात ठेवली. मग माझ्या मशीनमध्ये घालून तपासली. काही म्हणजे काही नाही, रिकामी. एवढ्यासाठी दहीभात! फॉरमॅट करून तिच्यावर राजीच्या खेळाची प्रत काढून ठेवली. पुढच्या रविवारी दोघी येणार. प्रयागबाईंनी राजीसाठी शेंगदाण्याचे लाडू करायला घेतलेत.

२ डिसेंबर

हत्तीच्या पायातून एक अळी निघाली. मग दुसरी. सोंडेपर्यंत हत्ती खाऊन टाकला. जे कन्हेरीत केलं ते सगळं केलं, डिस्क कोरी केली, पुन्हा लिहिली. दुपारी वीज गेली, पडदा काळा झाला. अळ्या तशाच चालत होत्या. मी काच पुसली.

त्या फडक्यात आल्या. खऱ्या. मऊ.

३ डिसेंबर

उजव्या हाताच्या बोटाला नखाशी ठणका लागलाय. डॉक्टर म्हणाले नखुर्डं आहे, इंजेक्शन दिलं. मी सांगितलं नाही काही. काय सांगणार? मशीन पोत्यात बांधून परसात नेलं, फ्लॉपी रॉकेल ओतून पेटवली. जळली नाही, घामेजली फक्त. कीबोर्डाचं एक बटण उपटून पाहिलं. खाली पांढरा गोळा, दाटीवाटीनं, भातासारखा. आता भात जेवणं नाही.

४ डिसेंबर

जोतीरामनं घरी पाठवलं. गिऱ्हाईक नाक मुरडतात, म्हणाला. तोंड फिरवून बोलला. मी कन्हेरीत रुमाल लावला होता तसा त्यानं लावला. प्रयागबाईंनी लाडवाचा डबा दारातूनच सरकवला.

सोलापूरला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला. बोट दुखतंय, थोडा तापही आहे, मी सांगेपर्यंत येऊ नका. शैलाला नीट सांगा म्हणून पुन्हा पुन्हा बजावलं. राजी माझ्या ताटात जेवते, माझं बोट धरून झोपते. तिला हे लागता कामा नये. माझं काय व्हायचं ते होवो, तिला नाही.

५ डिसेंबर

डाव्या हातानं लिहितोय. बोट काळं. नखाखाली हलतं. सुईनं उचकून पाहिलं — नको, ते लिहीत नाही.

वीस वेळा धुतलं असेल. धुतलं की — काही होत नाही.

६ डिसेंबर

कन्हेरीला गेलो. आबांच्या पायाशी बसलो. मीच उचलली, म्हणालो. ते ओरडले नाहीत. दिपाली पदर नाकाला न लावता समोर बसली, ते मला जास्त लागलं.

आबांनी रीत सांगितली. भर दुपारी दहीभातावर फ्लॉपी ठेवायची, अंगावरून उतरायची, तिवाट्यावर ठेवून सरळ घरी यायचं. वळून बघायचं नाही.

"हाका मारतंय त्ये. आपल्याच मान्साच्या आवाजात. वळला का संपलं, पुन्यांदा अंगाव घ्याल. काय बी ऐकू आलं तरी चालत ऱ्हायचं."

मी विचारलं, दुसऱ्या कुणी उचललं तर? आबा म्हणाले, इकडं जाणतं मानूस उताऱ्याला शिवत न्हाय. खरं आहे. माझ्यासारखा घाणेरडा माणूसच शिवेल.

७ डिसेंबर, दुपार

केलं. भाताकडे बघवत नव्हतं, प्रयागबाईंनी दही घातलं, मी डोळे मिटून फ्लॉपी खोचली. वळणापलीकडच्या तिवाट्यावर चिटपाखरू नव्हतं. ठेवलं आणि घराकडे चालू लागलो. मागे कुठंतरी गाडी थांबल्याचा आवाज —

आणि मग हाक. बाबा. बाबा, थांबा ना. हुबेहूब राजी. तोच चिरका आवाज, तोच शेवटी रडका होणारा. किती नीच आहे हे, पोरीचा गळा वापरतं! दात आवळले. चालत राहिलो. नाही वळलो. नाही वळलो मी!

ठणका थांबलाय. खरंच थांबलाय. वास नाही. बोट चिमटून पाहिलं, माणसाचं बोट आहे. प्रयागबाईंच्या नळावर तोंड धुतलं आणि रडलो. राजी, तुझा बाप सुटला. उद्या फोन करतो, परवाच या —

दार वाजलं.

शैला. शैला आली आहे! तापाचा निरोप ऐकून राहवलं नाही म्हणे, पहाटेच निघाल्या. मोरीत पाय धुतेय, रागावली आहे. तिवाट्यावर उतरलो, तुम्ही समोर चालला होतात, पोरीनं एवढ्या हाका मारल्या, एकदा वळून बघितलं असतंत तर काय —

मी विचारलं राजी कुठंय. येतेय मागून, म्हणाली. बॅग उतरवेपर्यंत तिथंच खाली बसून काहीतरी —

दारात उभी आहे. एक हात पाठीमागे. बाबा, गंमत, म्हणते. ओठांना दही. बोट तोंडात —

प्रयागबाई, पाणी आणा — राजी, थुंक — तोंड उघड, राजी, तोंड —